आवाज करत जायचं

अस्वल हे कॅमेऱ्याचं अत्यंत वाईट गिऱ्हाईक आहे. म्हणजे आपलं अस्वल, भारतातलं, ज्याला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात ते. अंगभर लांब, विस्कटलेले, काळे केस. वावर बहुतेक रात्रीचा, नाहीतर अगदी पहाटेचा. दिवसा घळीत, कपारीत किंवा घाणेरीच्या जाळीत झोप. म्हणजे काळं जनावर, काळ्या सावलीत, काळ्या वेळी. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं जग सरासरी राखाडी आहे असं धरून चालतं. फ्रेममध्ये काळं जास्त आलं की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, मग ते उजेड वाढवतं आणि अस्वलाचं धुरकट घोंगडं होतं. आपण हातानं एक्स्पोजर खाली आणावं तर केस काळे होतात खरे, पण डोळे, कान सगळंच त्या काळ्यात बुडतं. उरतं फिकट नाकाड आणि छातीवरचा पांढुरका पट्टा. वाघाला देवानं पट्टे देऊन फोटोग्राफरची सोय केलीय. अस्वलाच्या वेळी त्याचं लक्ष नसावं.

त्याचं नावसुद्धा चुकून पडलंय. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्याच्या लांब नख्या बघून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या, झाडाला उलट्या लटकणाऱ्या सुस्त स्लॉथचा भाऊबंद ठरवलं. पुढे चूक कळली, नाव राहिलं. सुस्त ते अजिबात नाही. २०१८ मध्ये ताडोबात मटकासूर नावाच्या वाघाशी पिल्लू बरोबर असलेली अस्वलीण भिडली होती, तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. वाघासमोरून पळून जाणं हे या जनावराच्या स्वभावात फारसं नाही. ते उभं राहतं. पुढे सगळा घोळ होतो तो त्याच्या या उभं राहण्यामुळेच.

मी कळसाडीची, जिल्हा नंदुरबार. गाव सपाटीवर आहे. ऊस, कापूस, पपई, मिरची. उत्तरेला मान वळवली की सातपुडा, पावसाळ्यात हाताशी आल्यासारखा आणि उन्हाळ्यात धुळीत विरलेला. त्याच्या माथ्यावर तोरणमाळ, सुमारे साडेअकराशे मीटरवर. पलीकडे धडगाव, मग नर्मदा. शेजारी गुजरातच्या हद्दीत १९८२ साली खास अस्वलांसाठी डुमखल अभयारण्य जाहीर झालं होतं. नंतर ते वाढवलं आणि त्याचं शूलपाणेश्वर झालं. हद्दीच्या अलीकडे आमच्या डोंगरातही अस्वलं आहेत. त्यांच्यासाठी वेगळी पाटी नाही एवढंच.

आमच्या उसात बिबट्या येतो. ट्रॅक्टरच्या उजेडातले, सीसीटीव्हीतले त्याचे व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून पडतच असतात. अस्वलाचा मी एकही बघितलेला नाही. ते एवढ्या खाली, शेतात उतरत नाही, आणि वर डोंगरात ज्यांना ते भेटतं त्यांचा हात तेव्हा खिशातल्या फोनकडे जात नाही.

तरी आमच्या घरात अस्वलाचा एक फोटो आहे. अल्बममध्ये, चिकट पानावर, कडा पिवळ्या पडलेला. माझा मोठा चुलतभाऊ, वय तीन, तोंड वासून रडतोय, आणि तो अस्वलाच्या पाठीवर बसलाय. प्रकाशाच्या यात्रेतला फोटो. मूल झोपेत दचकायला लागलं की दरवेशाच्या अस्वलावर बसवायचं, त्याचा एक केस ताईतात घालून गळ्यात बांधायचा, असं तेव्हा सर्रास होतं. फोटोत अस्वलाच्या नाकातून ओवलेली दोरी स्पष्ट दिसते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हे खेळ बेकायदा होते, पण प्रत्यक्षात बंद व्हायला २००९ उजाडलं. त्या वर्षाच्या शेवटी शेवटचं नाचवलं जाणारं अस्वल बंगळुरूजवळ बन्नेरघट्टाच्या केंद्रात नेलं, अशा बातम्या आल्या होत्या. आमच्या फोटोत काका हसताहेत, दरवेशी कॅमेऱ्याकडे बघतोय, अस्वल जमिनीकडे. ऊन भरपूर, अंतर दोन मीटर, फोकस अचूक. तांत्रिकदृष्ट्या इतका चांगला अस्वलाचा फोटो मला अजून जमलेला नाही.

मामांबद्दल आता सांगायला हवं.

मामा आमचे सालदार होते. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं, आखाजीला संपतं. अक्षय्य तृतीयेला हिशोब होतो, पटलं तर पुढचं साल. मामांची अशी एकवीस सालं आमच्याकडे झाली. ते पावरा, धडगावकडचे. घरातली मोठी माणसं त्यांना अरे-तुरे करायची, आई मात्र आम्हा पोरांना 'मामा' आणि 'तुम्ही' म्हणायला लावायची. ते बोलतात पावरी आणि अहिराणीची मिसळ. इथं मी त्यांचं बोलणं सरळ मराठीत लिहितेय, त्यात त्याची मजा जाते, पण इलाज नाही.

त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू नाही. म्हणजे आहे, पण डोळ्याच्या जागी कातडी ओढून शिवलेली आणि गाल आत गेलेला. लहानपणापासून बघितल्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा त्यांच्या नजरा बघून मला पहिल्यांदा ते दिसलं.

विशीत असताना, चैत्रात, ते पहाटे मोह वेचायला गेले होते. मोहाची फुलं रात्रीतून, पहाटेपर्यंत गळतात. आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करून ठेवायची आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन पोचायचं. त्या दिवशी घरात कोणी आजारी होतं, म्हणून ते एकटेच गेले. झाडाखाली अस्वल आधीच बसलेलं होतं. त्यालाही मोह लागतोच. अस्वलाचं नाक तेज, पण नजर आणि कान बेताचे. त्यात ते खायला लागलं की नाक खुपसून, फुरफुर आवाज करत खातं, तेव्हा त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. दोघं एकमेकांपासून चार हातांवर आले तेव्हा दोघांना कळलं.

"मी गप गेलो," मामा सांगतात. "एकट्यानं कोणाशी बोलायचं?"

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेन, आणि शंभर वेळा त्यातलं हे वाक्य माझ्या लक्षात आलं नव्हतं. लहानपणी मला रस होता तो पुढच्या भागात. अस्वल कसं उठलं, नख्या केवढ्या होत्या. बांबूला बांधलेल्या झोळीत घालून त्यांना सडकेपर्यंत कसं आणलं, मग जीप, मग मोठा दवाखाना, दोन महिने. तिथून सुटल्यावर नुकसानभरपाईच्या कागदाला जखमेचा फोटो लागतो म्हणून त्यांना एका स्टुडिओत नेलं. निळा पडदा, दोन छत्र्या, पावडर लावायला छोटा आरसा. फोटोग्राफरनं सवयीनं त्यांना "जरा हसा" म्हटलं. मामा हे सांगताना हसतात. त्या फोटोची एक प्रत अजून त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. तोपर्यंत त्यांनी फोटो असा काढलाच नव्हता.

नोकरीला लागल्यावर मी नाशिकला जुना कॅमेरा घेतला, हप्त्यानं एक शंभर-चारशेची लेन्स घेतली, आणि मला अस्वलाचं वेड लागलं. वेड खरं तर फोननं लावलं. अलास्कातल्या कॅटमाय नॅशनल पार्कमध्ये ब्रूक्स म्हणून धबधबा आहे. त्याच्या कडेवर भलंमोठं तपकिरी अस्वल उभं असतं आणि प्रवाहाविरुद्ध उसळी मारणारा सामन मासा थेट त्याच्या जबड्यात जातो. तिथल्या अस्वलांत हिवाळ्याआधी सगळ्यात गुबगुबीत कोण, यावर २०१४ पासून दरवर्षी ऑनलाइन मतदान होतं, आणि मी त्यात इमानेइतबारे मत देते. ही अस्वलं आणि आतल्या डोंगरांतली ग्रिझली एकाच जातीची. यलोस्टोनमधल्या ग्रिझलीचे फोटो बघा, ओल्या बटा मोजून घ्याव्यात. ऊन पाठीवर, केसांची टोकं रुपेरी, मागे मोकळं कुरण. बाई फोटो काढून घ्यायलाच उभ्या आहेत.

फक्त लेन्सचा हा फरक नाही, हे समजायला मला वेळ लागला. ही अस्वलं एवढी दिसतात कशी, हा खरा प्रश्न होता.

त्याचं अर्धं उत्तर मला दरोजीला मिळालं. कर्नाटकात हंपी बघायला जाणारे बरेच मराठी लोक आहेत, पण तिथून जवळच असलेल्या दरोजी अस्वल अभयारण्यात फार कमी जण जातात. १९९४ मध्ये जाहीर झालेलं, बारक्या खडकाळ टेकड्यांचं रान. तिथे दुपारी वनखात्याची माणसं ठरलेल्या खडकांवर गूळ-मधाचा लेप फासून येतात. आपण समोरच्या टेकडीवरच्या मनोऱ्यात बसायचं. हळू बोलायचं. साडेतीन-चारच्या सुमाराला कपारीतून एक अस्वल उतरतं, मग दुसरं, मग पाठीवर दोन पिल्लं घेतलेली मादी. पिल्लांना असं पाठीवर वागवणारं अस्वल म्हणजे हेच. मनोऱ्यात दहा-बाराजण होते आणि इतका वेळ इतकी माणसं एकत्र गप्प बसलेली मी देवळातसुद्धा बघितलेली नाहीत. फक्त शटर. मी दोन तासांत चारशे फ्रेम मारल्या. खडक चाटणारं अस्वल, खडकावर चढणारं अस्वल, वळून बघणारं अस्वल. काळ्याचा प्रश्नही सुटला, कारण तिरकं ऊन थेट अंगावर येत होतं. इन्स्टाग्रामवर टाकल्यावर आमच्या ग्रुपमधल्यांनी विचारलं, हे तोरणमाळचं का?

दरोजीला नावं ठेवायचा माझा विचार नाही. एरवी खाणींनी उकरून काढलेल्या त्या मुलखात अस्वलांना एक जागा राखून मिळाली आणि माणसं अस्वल बघायला पैसे देऊन, हौसेनं येतात, ही लहान गोष्ट नव्हे. पण मनोऱ्यात बसल्या बसल्या मला हे स्पष्ट दिसत होतं की माझ्या फोटोतलं अर्धं काम गुळानं केलंय.

त्यानंतर दिवाळीला गावी आले तर मामांचं रेशनचं ई-केवायसी राहिलेलं. चेहरा दाखवायचं ॲप होतं. मी त्यांना ओट्यावर उजेडात बसवलं आणि फोन समोर धरला. स्क्रीनवर गोल आला, आणि सूचना आली: डोळे मिचकावा. मामांनी होता तो डोळा मिचकावला. गोल लालच. पुन्हा सूचना. सहा-सात वेळा झालं. मी कोन बदलला, पडदा सरकवला, फोन खाली धरला. मामा दर वेळी शहाण्या मुलासारखे सांगितलेलं करत होते, आणि त्यांचा चेहरा हा चेहराच आहे हे यंत्राला पटत नव्हतं. शेवटी दुसऱ्या दिवशी दुकानात अंगठ्यावर काम झालं, तेही तिसऱ्या प्रयत्नात. त्या संध्याकाळी मात्र मी कंटाळून ॲप बंद केलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्यांना दरोजीचे फोटो दाखवले.

त्यांनी फोन हातात घेतला, चांगल्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "खडकाला काय लावलंय?"

"गूळ. मध पण असतो."

"कोणी लावला?"

"सरकारनं."

यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग फोन परत देत म्हणाले, "याला माहीत आहे, समोर माणसं बसलीत. माझ्या अस्वलाला माहीत नव्हतं."

माझं अस्वल, असं म्हणाले ते.

मला उरलेलं अर्धं उत्तर मिळालं ते इथं. ग्रिझली दिसते, कारण तिला माणसं माहीत आहेत. आणि ती ओळख काही नेहमी सरळ मार्गानं झालेली नाही. यलोस्टोनमध्ये एके काळी हॉटेलांचा उरलेला कचरा मुद्दाम ठरलेल्या जागी टाकायचे आणि समोर बाकांच्या रांगा लावून पर्यटकांना बसवायचे. संध्याकाळी अस्वलं येणार, उकिरडा उपसणार, लोक फोटो काढणार. बाकडी आधी गेली, पण उकिरडे पूर्ण बंद व्हायला १९७० उजाडलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जेवलेली अस्वलं मग तंबूंकडे, वस्त्यांकडे वळली आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या संख्येनं मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्यानं संरक्षण द्यावं लागलं. आज तिथे नियम कडक आहेत. अस्वलापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर लांब राहायचं, खायला काही टाकायचं नाही. आता जे फोटो येतात त्यांच्यामागे ही सगळी शिस्त आहे.

तरी ओळख ती ओळखच. ती ३९९ नंबरची ग्रँड टीटनमधली मादी पिल्लांना घेऊन रस्त्याच्या कडेनं राहायची. नर अस्वलं पिल्लांना मारतात आणि ते रस्त्याजवळ कमी फिरकतात, म्हणून ती तिथे राहत असावी असं अभ्यासक सांगायचे. २०२० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती चार पिल्लं घेऊन गुहेतून बाहेर आली आणि तिच्यासाठी गाड्यांच्या रांगा लागल्या. जगात सगळ्यात जास्त फोटो निघालेली ग्रिझली तीच असावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती रस्त्यावर एका गाडीच्या धडकेत मेली. आणि मिचिओ होशिनो. अलास्कातल्या अस्वलांचे इतके शांत, प्रेमानं काढलेले फोटो दुसऱ्या कोणाचे मला माहीत नाहीत. ऑगस्ट १९९६ मध्ये रशियातल्या कामचाटकात, कुरील सरोवराकाठी, तंबूत झोपलेले असताना तपकिरी अस्वलानं त्यांना मारलं. त्या अस्वलाला आधी माणसांकडून खायला मिळत होतं, असं नंतर पुढे आलं.

मग प्रश्न असा होता की ज्याला माणसं ओळखीची नाहीत, ज्याला कोणी गूळ लावत नाही, त्याचा फोटो कसा काढायचा. मामांना विचारलं तर म्हणाले, "मोहाला ये. भाच्याच्या घरी राहा. पण आमच्यासारखं यावं लागेल."

आमच्यासारखं म्हणजे काय, ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळलं. धडगावच्या वरच्या अंगाला एक पाडा, घरं टेकडीगणिक एकेक, लांब लांब. पहाटे साडेचारला मामांच्या भाच्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, मला उठवलं. दारात सात बाया, दोन म्हातारे आणि नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. पोरीला शाळा होती, पण मोहाच्या दिवसांत शाळा उन्हात भरल्यासारखी रिकामी असते. टोपल्या, एक पत्र्याचा डबा, काठ्या. मी गडद कपडे घातले होते, परफ्यूम लावला नव्हता, कॅमेऱ्याचा बीप बंद केला होता, शटर सायलेंटवर. पुस्तकात लिहिलेली सगळी तयारी.

आणि निघाल्या निघाल्या बाया बोलायला लागल्या. हळू नाही, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीला ऐकू जाईल असं. कोणाची शेळी व्याली, कोणाचा नवरा गुजरातेत ऊसतोडीला जाऊन दुसऱ्याच गावात राहिला, कोणी फोनमध्ये रिचार्ज मारून दिला नाही. म्हातारा दर वीस पावलांना काठी दगडावर आपटायचा. मध्येच कोणीतरी उगाच खोकायचं. वाट वळली, झाडी दाट झाली की आवाज वाढायचा. बोलायचं संपलं की डबा वाजायचा. मला आधी वाटलं, झाली आजची फोटोग्राफी. दहा मिनिटांनी कळलं की या गप्पा नुसत्या गप्पा नाहीत. या वाटेवर पुढे पाठवलेला निरोप आहेत. आम्ही येतोय. उठायचं तर आत्ताच ऊठ, जायचं तर वेळ आहे.

माझी सगळी विद्या याच्या बरोबर उलट. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं जा, पाऊल वाजू देऊ नकोस, त्याला कळायच्या आत जवळ पोच. नेमकं हेच करून मामा त्या झाडाखाली पोचले होते, फक्त त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता. अमेरिकेतल्या पार्कांतसुद्धा पायी चालणाऱ्यांना हेच सांगतात, बोलत राहा, टाळ्या वाजवा, वळणावर "हे बेअर" म्हणून हाक मारा. ते मी किती वेळा वाचलं होतं. वाचताना ते पर्यटकांसाठी आहे असं वाटायचं, फोटोग्राफरसाठी नाही.

पावणेसहाच्या सुमाराला, पहिल्या मोहाच्या अलीकडे, नाल्यातून तो आवाज आला. आधी फुंकर, मग सुर्र, मग पुन्हा फुंकर. वारुळ फोडून वाळवी ओढताना अस्वल असा आवाज काढतं आणि शंभर मीटरवरूनही तो ऐकू येतो, हे मी वाचलं होतं. प्रत्यक्षात तो कोणीतरी बशीतून चहा पितंय असा असतो. साठ-सत्तर मीटर असेल. सगळ्या थबकल्या. क्षणभर, फक्त क्षणभर, शांतता झाली आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. आयएसओ बारा हजार आठशे, शटर एक-चाळीसांश. करवंदीच्या जाळीमागे काळं काहीतरी हलत होतं. आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर उजेड एक स्टॉप वाढला असता, ते जाळीबाहेर आलं असतं. माझ्या ओठांवर 'शू' आलेलं होतं.

त्या मुलीनं माझ्या बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता. ते मला पट्टा ओढला गेला तेव्हा कळलं.

वहिनी पुढे होती. तिनं डबा वाजवला आणि मोठ्यानं, खणखणीत, पण रागानं नाही, शेजारणीला हाक मारावी तशी त्याला हाक मारली. बाकीच्याही ओरडल्या. मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, मराठीत होतं एवढं नक्की. जाळीमागचं काळं उभं राहिलं. दोन पायांवर, माणसाएवढं, नाक वर करून वास घेत. छातीवरचा पट्टा दिसला. मग ते खाली टेकलं आणि ढुंगण हलवत, जाड्या माणसानं बस पकडायला धावावं तसं पण भलत्याच वेगानं, चढावर गेलं. वर वाळक्या पानांचा आवाज थोडा वेळ येत राहिला. म्हातारा म्हणाला, "गेलं." आणि शेळीची गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुन्हा सुरू झाली.

माझ्याकडे अकरा फ्रेम आहेत. त्यातल्या नवांत जाळी आहे. एकीत काळा फराटा. एकीत, कॉम्प्युटरवर उजेड खूप वाढवला तर, दोन गोल कान कळतात, माहीत असेल तर.

मोहाखाली पोचलो तेव्हा अर्ध्या फुलांचा चिखल झालेला होता आणि बाजूला विष्ठा, त्यात बोरांच्या बिया. "यानं आपल्या आधी खाल्लं," वहिनी म्हणाली आणि चिखल सोडून उरलेली फुलं वेचायला बसली. मी पण बसले. मोह वेचणं दिसतं सोपं, पण अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. फुलं ओलसर, जड, बोटांना चिकटणारी, वासानं डोकं थोडं हलकं होतं. ऊन आलं तशा बाया एकमेकींना बघून हसायला लागल्या, कारण मला मोह कमी आणि पाचोळा जास्त मिळत होता. त्यांचे मी बरेच फोटो काढले. उजेड छान होता, आणि त्यांना गप्प बसायला सांगावं लागत नव्हतं. जवळजवळ प्रत्येक फोटोत कोणाचं तरी तोंड उघडं आहे.

दुपारी फुलं अंगणात वाळत पसरली. पाड्यावर रेंज एका दगडावर उभं राहिलं तरच येते, पण माझ्या फोनमध्ये ब्रूक्स धबधब्याचा एक व्हिडिओ उतरवलेला होता. त्या मुलीला दाखवला. मासा अस्वलाच्या तोंडात गेला तेव्हा ती टाळी वाजवून ओरडली. मग कॅमेरा मागे गेला आणि लाकडी मचाणावर कठड्याला टेकून उभी असलेली चाळीस-पन्नास माणसं दिसली, एकेकाच्या हातात तोफेएवढी लेन्स.

"एवढी माणसं आहेत," ती म्हणाली, "मग ओरडत का नाहीत?"

मी म्हटलं, त्यांना फोटो काढायचाय.

तिनं थोडा विचार केला. मग फोन स्वतःकडे ओढून घेतला आणि आणखी मासे आहेत का ते बघायला व्हिडिओ पुढे सरकवला.